नवख्यासाठी लिहिणे : 'गीताई'चा धडा

मराठी घेऊन पदवीधर झालेला आणि पुढे संगणकाकडे वळलेला रोह्याचा एक विद्यार्थी मध्यंतरी भेटला. तो पायथन शिकत होता. इतरांनी रचून ठेवलेल्या आज्ञावलींचे संच, म्हणजे लायब्रऱ्या, वापरायच्या तर त्यांचे माहितीलेखन वाचावे लागते. "सर, त्यात सगळे आहे, पण ज्याला आधीच कळले आहे त्यालाच ते कळते," अशी त्याची तक्रार होती.

ही तक्रार मराठी वाङ्मयाला परिचित आहे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नसे. विनोबांनी वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही अवघड वाटली, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे आईने विचारले. १९१८ साली आई निवर्तली. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात विनोबांनी 'गीताई' रचली.

ही हकीकत एरवी मातृभक्तीची म्हणून सांगितली जाते. तिच्यात लेखनपद्धतीचाही विचार आहे. 'गीताई'त श्लोकास श्लोक आहे. मुळातील कोणतेही स्थळ क्रमांकावरून सापडते. म्हणजे भाषा सोपी झाली, तरी तिची घडण संदर्भग्रंथाचीच राहिली. नवख्याला हात धरून आत नेण्याचे काम निराळ्या ग्रंथाने केले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील १८ रविवारी, विनोबांनी सहबंद्यांपुढे १८ अध्याय उलगडले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. 'गीता प्रवचने'त प्रत्येक श्लोकाचा हिशेब नाही. अध्यायाचे मुख्य सूत्र आणि रोजच्या जगण्यातले दाखले आहेत. पुढे धाकटे बंधू शिवाजी भावे यांच्या सहकार्याने 'गीताई'चा शब्दार्थकोशही झाला.

पायथनच्या माहितीलेखनातही प्रवेशपाठ, संदर्भ आणि शब्दार्थसूची हे भाग वेगळे ठेवलेले आहेत. अनेक लायब्रऱ्यांचे लेखक मात्र केवळ संदर्भ लिहून थांबतात आणि न कळण्याचा दोष वाचकाच्या माथी मारतात. वाङ्मयाचे अध्यापक म्हणून आपणही समीक्षेच्या परिभाषेबाबत हेच करीत नाही काय?

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : कुठे अडलास ते आजच लिहून लेखकांना कळव, जाणकार झाल्यावर ते तुलाही आठवणार नाही.