शब्दवेध : जामीन

पेण किंवा रोह्याच्या कोर्टाबाहेर ‘जामीन मिळाला’ असे म्हणतात, तेव्हा जामीन म्हणजे सुटका. मूळ अरबीत मात्र ‘ज़ामिन’ म्हणजे माणूस, दुसऱ्याची हमी घेणारा. शिवकाळात हाच अर्थ चालत होता, आणि मला तोच मोलाचा वाटतो. न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवले आहे, की महाराजांच्या फौजेत नवा माणूस घ्यायचा, तर आधीपासून चाकरीत असलेल्यांनी त्याच्या वर्तणुकीची हमी द्यावी लागे. परक्याचा माणूस गडात शिरला, तर तट कितीही उंच असून काय उपयोग? रोह्याचे अवचितगड, सुरगड किंवा पेणचा मिरगड, कुठलाही गड शेवटी शिबंदीच्या इमानावरच टिकायचा.  

हमीचा कागद म्हणजे जामीनकतबा. माणूस हजर करण्याची हमी घेणारा हाजिरजामीन, पैशाची घेणारा मालजामीन. पुढे ‘जामीन’ हे हमीचेच नाव झाले आणि माणसासाठी ‘दार’ जोडून ‘जामीनदार’ घडवावा लागला. पतपेढीच्या कर्जाच्या अर्जावर सही करतो, तो हाच.