छावणीच्या हद्दीतला गोल्फ

अठरा होलच्या गोल्फ मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते. एवढी जमीन विकत घेणारा तिची किंमत खेळणाऱ्यांकडूनच वसूल करतो, म्हणून हा खेळ श्रीमंतांचा ठरतो. नागपूर परिसरात ही किंमत मोजायची वेळ आली नाही. शहराच्या ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी आहे. जमीन सरकारची, गवत पावसाचे आणि फावला वेळ फलटणीचा, एवढ्या भांडवलावर इथला गोल्फ उभा राहिला.

स्कॉटलंडमध्येही हा खेळ मुळात गावकीच्या जमिनीवरचा. सेंट अँड्र्यूज गावाला समुद्रकाठच्या पडीक जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क 1552 च्या सनदेने मिळाला होता. पुढे कर्जबाजारी झालेल्या गावाने ती जमीन विकली, तिथे सशांची पैदास सुरू झाली, खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे चालली. अखेर 1821 साली एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती घेऊन खेळाला मोकळी केली. कामठीची छावणी वसली तीही 1821 सालीच. हा निव्वळ योगायोग. कामठीतल्या शिपायांना तेव्हा गोल्फचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 मध्ये झाली, भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या पंखाखाली गेले आणि त्यांच्या तैनाती फौजेसाठी कामठीची जागा निवडली गेली. ही फौज मद्रासकडची होती. कामठीत आणि सीताबर्डीत आजही मुदलियार आडनावाची जुनी घराणी भेटतात ती त्यामुळे. छावणीची आखणी ठरलेली असे. बराकी, परेडचे मैदान, बाजार, चर्च, घोड्यांच्या पागा आणि या सगळ्यांभोवती कवायतीसाठी राखलेला मोकळा माळ. हा माळ सकाळी दोन तास वापरात असे, उरलेला दिवस रिकामा.

हिंदुस्थानात गोल्फ त्यानंतर लवकरच पोचला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत 1842 साली क्लब निघाला, पण टिकला नाही. छावण्याछावण्यांत खेळ पसरला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सुरुवातीचा पिसे भरून शिवलेला चामड्याचा चेंडू महाग होता आणि भिजला की फाटायचा. 1848 च्या सुमारास झाडाच्या चिकापासून बनवलेला गटापर्चाचा चेंडू आला, स्वस्त आणि पुन्हा साच्यात घालून नीट करता येणारा. अखिल भारतीय हौशी स्पर्धा 1892 साली सुरू झाली.

विदर्भात खरी अडचण होती पाण्याची. चेंडू भोकात ढकलायचा तो शेवटचा गोल तुकडा, ज्याला ग्रीन म्हणतात, त्यावरचे गवत गालिच्यासारखे हवे आणि त्याला रोज पाणी हवे. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो; एप्रिल संपता संपता हरळीसुद्धा पिवळी पडते. कोरड्या मुलखातल्या मैदानांनी यावर तोड काढली ती ‘ब्राउन’ची. जमीन सपाट करायची, मुरूम घालून धुमसायची आणि वर जळक्या तेलात कालवलेली बारीक रेती अंथरून रोलर फिरवायचा. तेलामुळे रेती उडत नाही, बसून राहते. रेतीची कामठीला वाण नव्हती. नागपूरची घरे आजवर ज्या कन्हानच्या रेतीने बांधली गेली ती छावणीला लागूनच.

ब्राउनवर खेळण्याची रीत वेगळी. चार माणसे चालून गेली की रेतीत पावले उमटतात, चेंडू त्यांतून वेडावाकडा घरंगळतो. म्हणून प्रत्येकाच्या पाळीआधी चेंडूपासून भोकापर्यंत लाकडी फळी ओढून वाट सपाट केली जाते. त्या हातभर रुंद, नुकत्या सारवलेल्या अंगणासारख्या पट्ट्यावरून चेंडू सरळ जातो. हिरवळीवर शिकलेल्याला हे फार सोपे वाटते, आणि थोडे आहेही. उतार ओळखण्याची निम्मी कला इथे लागतच नाही. मात्र दुरून आलेला चेंडू ब्राउनवर थांबवणे अवघड. एकंदरीत पाहता ही उणीव क्षम्य म्हणावी लागेल, कारण ब्राउनचा खर्च म्हणजे एक माणूस, एक फळी आणि अधूनमधून तेलाचा डबा.

चेंडू हरवणे मात्र कुणालाच परवडत नसे. त्यासाठी पिशवी वाहणाऱ्या कॅडीखेरीज ‘आगेवाला’ असे. हा आसपासच्या वस्तीतला पोरगा, शंभर-दोनशे पावले पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते पाहायचा. हिंदुस्थानी गोल्फच्या बोलीत हा शब्द इंग्रजांनीही जसाच्या तसा उचलला.

प्रवासात स्वस्त गोल्फ मिळण्याची सोय छावण्यांच्या याच व्यवस्थेतून झाली. 1867 साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. वीस वर्षांनी बंगाल नागपूर रेल्वेची कंपनी निघाली. बदलीवर वा दौऱ्यावर फिरणारा अधिकारी नव्या ठाण्यात उतरला की जिमखान्याचा तात्पुरता सभासद होई. उन्हाळ्यात मध्य प्रांताचे सरकार पचमढीला हलायचे, तिथल्या पठारावरही गोल्फ होता. ही सोय गोऱ्यांपुरती, फार तर त्यांच्या बरोबरीच्या मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांपुरती होती. आगेवाल्या पोराने स्वतः काठी धरणे दूरच. मुंबईत हिंदी लोकांना मोकळेपणाने प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब निघायला पहिले महायुद्ध संपत यावे लागले.

शहरातल्या मोकळ्या जमिनींचे पुढे काय झाले, ते नाशिकला दिसते. तिथले गोल्फ क्लब मैदान पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखले गेले. तिथे आता क्रिकेट चालते, रणजी सामने होतात. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेऱ्यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्याच विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली होती. साहेबांच्या खेळाचे मैदान कान्हेऱ्यांच्या नावाने ओळखले जावे, यात काळाने साधलेली एक खोच आहे. तरीही रिक्षावाल्याला सांगायचे ते ‘गोल्फ क्लब’ असेच.

कामठीत असे काही झाले नाही, कारण छावणीची जमीन विक्रीला येत नाही. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय सैन्याकडे आली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे प्रशिक्षण केंद्र आज तिथे आहे. देशभरच्या छावण्यांतल्या अशा मैदानांचा हिशेब महालेखापरीक्षकांनी 2011 च्या सुमारास मांडला. 97 मैदाने, आठ हजारांहून अधिक एकर संरक्षण खात्याची जमीन, आणि बाहेरच्या सभासदांकडून आलेली रक्कम सरकारी तिजोरीत जमा नाही, असा आक्षेप त्यात होता. बऱ्याच मैदानांच्या फलकावर आता ‘पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र’ असे लिहिलेले असते. नाव बदलले तरी झेंडे आणि भोके तीच.

कुणीही यावे, पैसे भरावे आणि खेळावे, असे मैदान भारतात फार उशिरा निघाले. न्यूयॉर्कच्या व्हॅन कॉर्टलँड पार्कात ते 1895 साली झाले होते. दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडोसरायचे कुतुब मैदान 2000 सालचे. महाराष्ट्रात सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी तसे मैदान केले. दोन्हीकडे जमीन सार्वजनिक संस्थेची, हे लक्षात घेण्यासारखे.

विदर्भात फिरायला आलेल्या हौशी खेळाडूला त्यामुळे अजूनही छावणीचेच दार ठोठावावे लागते. ओळख असलेला सभासद किंवा सैन्यातला नातेवाईक असला तर काम सोपे. नसेल तर आधी फोन करून परवानगी, फाटकावर ओळखपत्र, पाहुण्याची फी आणि कॅडीचे पैसे वेगळे. सगळ्या काठ्या घेऊन हिंडण्याऐवजी सहा-सात काठ्यांची हलकी पिशवी पुरते. पावसाळ्यात काळ्या मातीत चेंडू रुतून बसतो, आणि मे महिन्यात फटफटताच सुरुवात केली नाही तर नवव्या होलपर्यंत सावली शोधायची पाळी येते.