उच्च प्राथमिक गणिताचा सराव

उच्च प्राथमिक गणिताचा सराव म्हणजे इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी संख्या, माहितीचे व्यवस्थापन आणि भूमिती या क्षेत्रांतील कौशल्ये आत्मसात करण्यासाठी केलेला नियमित अभ्यास होय. या टप्प्यावर अंकगणिताकडून बीजगणिताकडे आणि आकृती ओळखण्याकडून तिचे गुणधर्म सिद्ध करण्याकडे वाटचाल सुरू होते. प्राथमिक वर्गांत खरे ठरलेले काही समज येथे खोटे ठरतात. त्यामुळे सरावाचा उद्देश वेग वाढवण्यापुरता मर्यादित राहत नाही, जुने समज तपासून दुरुस्त करणे हाही त्याचा भाग असतो.

पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार सहावी ते आठवी हे वर्ग उच्च प्राथमिक स्तरात मोडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हे तीन वर्ग एका स्वतंत्र टप्प्यात ठेवले आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलांच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले. महाराष्ट्रात बालभारतीने २०१६ ते २०१८ या काळात या वर्गांसाठी प्रकाशित केलेल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक घटकानंतर 'सरावसंच' आणि ठरावीक घटकांनंतर 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' दिलेले आहेत.

संख्या

या क्षेत्रात पूर्णांक, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, परिमेय संख्या, घातांक, मसावि-लसावि, गुणोत्तर-प्रमाण, शतमान आणि व्याज यांचा समावेश होतो. नैसर्गिक संख्यांच्या सवयी नव्या संख्यांना लावल्याने येथील बहुतेक चुका होतात. ३५ ही संख्या ५ पेक्षा मोठी असल्याने ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे मानले जाते. वास्तविक ०.५ रुपया म्हणजे ५० पैसे आणि ०.३५ रुपया म्हणजे ३५ पैसे. गुणाकाराने संख्या वाढतेच, हा समजही १ पेक्षा लहान अपूर्णांकाने गुणताना टिकत नाही. तसेच −७ ही संख्या −३ पेक्षा लहान असते, हे संख्यारेषेवर पाहिल्याशिवाय अनेकांना पटत नाही.

अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे अंदाजे उत्तर १, २, १९ आणि २१ या पर्यायांतून निवडायचे होते. दोन्ही अपूर्णांक १ च्या जवळ असल्याने उत्तर २ येते. परंतु ते सुमारे २४ टक्के मुलांनीच निवडले. १९ किंवा २१ निवडणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी जास्त होती. त्यामुळे आकडेमोडीपूर्वी अंदाज करण्याची सवय हा सरावाचा आवश्यक भाग मानला जातो.

मराठीत अशा अंदाजासाठी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि पावणेदोन असे रुळलेले शब्द आहेत. जुन्या अंकलिपींत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. दीड आणि अडीच यांचा गुणाकार पावणेचार होतो, हे ज्याला तोंडी सांगता येते त्याचे १.५ × २.५ या उदाहरणात दशांश चिन्ह चुकल्यास ते त्याच्या लगेच लक्षात येते.

माहितीचे व्यवस्थापन

ताळ्याच्या खुणा, वारंवारता सारणी, सरासरी, स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेख हे या क्षेत्रातील मुख्य घटक आहेत. आलेख काढण्याइतकेच त्याचा अर्थ लावणेही महत्त्वाचे असते. उभ्या अक्षावरील मोजणी शून्याऐवजी ४० पासून सुरू केल्यास ४४ चा स्तंभ ४२ च्या स्तंभाच्या दुप्पट उंचीचा दिसतो. म्हणून आलेख वाचताना प्रथम प्रमाण पाहावे लागते.

सरासरीच्या सरावातही सूत्र वापरल्यावर उत्तराचा अर्थ तपासावा लागतो. चार मजुरांना प्रत्येकी ३०० रुपये आणि पाचव्याला १३०० रुपये रोज मिळत असल्यास सरासरी ५०० रुपये येते. मात्र तेवढी मजुरी त्यांपैकी एकालाही मिळत नाही. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात नववीत येणाऱ्या मध्यक व बहुलक या संकल्पनांची गरज अशा उदाहरणांतून स्पष्ट होते.

भूमिती

कोन, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, भौमितिक रचना, एकरूपता, पायथागोरसचा सिद्धांत, क्षेत्रफळ आणि घनफळ हे घटक या क्षेत्रात येतात. आकृती ठरावीक स्थितीतच पाहण्याची सवय ही येथील मोठी अडचण असते. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस अनेकांना चौरस वाटत नाही आणि विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब आकृतीबाहेर पडू शकतो हे स्वीकारले जात नाही. कोनमापकावरील चुकीची मापनश्रेणी वाचल्याने ५०° चा कोन १३०° लिहिला जातो. कोन लघु आहे की विशाल, हे आधी ठरवल्यास ही चूक टळते.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांतील गोंधळ दूर करण्यासाठी २० मीटर दोरीने वेगवेगळे आयत आखण्याचा उपक्रम उपयुक्त ठरतो. बाजू ९ व १ मीटर असल्यास क्षेत्रफळ ९ चौरस मीटर, ७ व ३ मीटर असल्यास २१ चौरस मीटर आणि प्रत्येक बाजू ५ मीटर असल्यास २५ चौरस मीटर येते. परिमिती मात्र कायम राहते.

सरावाची पद्धत

एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवल्यास रीत पक्की होते. परंतु कोणती रीत वापरायची हे प्रकरणाच्या नावावरूनच कळत असल्याने निवडीचा सराव होत नाही. २४ गुलाब आणि ३६ शेवंतीची फुले वापरून सारख्या रचनेचे जास्तीत जास्त किती गुच्छ होतील, या प्रश्नाला मसावि (१२) लागतो. २४ आणि ३६ मिनिटांच्या अंतराने वाजणाऱ्या दोन घंटा एकत्र वाजल्यानंतर पुन्हा किती मिनिटांनी एकत्र वाजतील, या प्रश्नाला लसावि (७२) लागतो. संख्या त्याच असल्या तरी रीत ठरवण्यासाठी प्रश्न समजून घ्यावा लागतो.

वेगवेगळ्या घटकांतील उदाहरणे मिसळून देण्याच्या पद्धतीस मिश्र सराव म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डग रोहरर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात फ्लोरिडातील सातवीच्या ५४ वर्गांचा समावेश होता. एका महिन्यानंतर पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत मिश्र सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के, तर घटकनिहाय सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. मिश्र सराव करताना वेळ अधिक लागतो आणि चुकाही जास्त होतात. त्यामुळे नवीन रीत शिकताना प्रथम काही एकसारखी उदाहरणे आणि त्यानंतर मिश्र उदाहरणे, असा क्रम सोयीचा ठरतो.

चुकांचे विश्लेषण

चुकीच्या उत्तरामागे बहुधा विद्यार्थ्याचा स्वतःचा एखादा नियम असतो. २/३ + १/४ = ३/७ असे लिहिणारा विद्यार्थी एक ठरावीक रीत सातत्याने वापरत असतो. केवळ फुली मारून योग्य उत्तर लिहून दिल्यास ती रीत तशीच राहते. उत्तर दोनतृतीयांशपेक्षा मोठे यायला हवे, पण ३/७ तर अर्ध्याहूनही लहान आहे, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यास विसंगती त्याला स्वतःला दिसते. हा समज आठवीपर्यंत दुरुस्त न झाल्यास बैजिक अपूर्णांक सोडवतानाही तीच चूक होत राहते.