पवनारच्या भगिनी आणि नेतृत्वाचा प्रश्न

वर्ध्याहून नागपूरच्या सडकेनें पांचसहा मैल गेलें म्हणजे धाम नदी लागते. तिच्या कांठीं पवनार हें गांव, आणि जवळच्या टेकाडावर विनोबांचा परंधाम आश्रम. १९४० च्या ऑक्टोबरांत वैयक्तिक सत्याग्रहाच्या पहिल्या सत्याग्रहीचा मान विनोबांना मिळाला तो येथें. १९४८ च्या फेब्रुवारींत गांधीजींच्या अस्थींचा अंश सोडण्यांत आला तोही याच नदींत. त्यामुळें पवनारचें नांव आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेलें आहे. परंतु ज्या गोष्टीसाठीं इतिहासानें या गांवाची निराळी नोंद ठेवावी असें मला वाटतें, ती या दोहोंहून वेगळी आहे. गेलीं साठांहून अधिक वर्षें येथें स्त्रियांची एक संस्था मुख्याशिवाय चालली आहे. तिला अध्यक्षा नाहीं, संचालिका नाहीं, आणि हात वर करून मतें मोजण्याची पद्धतिही नाहीं. दहा माणसांच्या मंडळालाही चिटणीस लागतो, आणि त्या चिटणिसाशीं उरलेल्या नवांचें पटत नाहीं, हें ज्यांनीं एकदां तरी गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आहे त्यांना सांगावयास नको.

मात्र या संस्थेकडे जाण्यापूर्वीं पवनारच्या मातीखालीं थोडें डोकवावें लागेल. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपुर म्हणजेच हें पवनार, असें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें. पुढें कांहीं संशोधकांनीं त्याऐवजीं रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखविलें. तो वाद पंडितांवर सोपवूं. आपल्याला हवी आहे ती या प्रवरसेनाची आई, प्रभावतीगुप्ता. ही मगधसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पति दुसरा रुद्रसेन अकालीं वारला तेव्हां मुलगे लहान होते, आणि चवथ्या शतकाच्या अखेरीस व पांचव्याच्या आरंभीं विदर्भाचा कारभार या राणीनें पाहिला. पुण्यास उजेडांत आलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला असून त्यावर तेरावें वर्ष आहे. म्हणजे तेरा वर्षें लोटलीं तरी दिवाकरसेन युवराजच, आणि आज्ञा आईची. राजमुद्रेवर ती स्वतःला युवराजाची जननी म्हणविते. परंतु वंशावळ सांगण्याची वेळ येते तेव्हां ती सासरच्या वाकाटकांची न देतां माहेरच्या गुप्तांची देते, आणि गोत्रही पित्याचेंच, धारण हें, सांगते. पतीच्या कुळाचा मुलूख, पुत्राच्या नांवाची मुद्रा, पित्याच्या नांवाचा दरारा. राज्य करावयाचें तर या तिहींचा आधार तिला घ्यावा लागला. तरी त्या काळच्या कोणा राणीचा हुकूम इतक्या स्पष्ट आवाजांत आपल्यापर्यंत पोंचलेला आहे, हेंच थोडें नव्हे.

१९३८ सालीं विनोबा पवनारास राहावयास आले. पुढें आवारांत खणतांना जुन्या शिल्पपट्ट्या निघाल्या. त्यांतील एकींत राम आणि भरत यांची भेट कोरलेली आहे असें विनोबांनीं ओळखलें, व ती मूर्ति आश्रमांत स्थापन झाली. हीं शिल्पें प्रवरसेनानें मातेच्या प्रेरणेनें बांधलेल्या राममंदिराचीं असावींत, असा मिराशींचा तर्क होता. तर्क खरा असो वा नसो. सिंहासन रिकामें ठेवून चौदा वर्षें राज्य चालविणाऱ्या भरताची मूर्ति नेमकी येथें निघावी, हा योग मोठा मनोहर आहे.

आतां विसाव्या शतकांतील वर्ध्याकडे वळूं. सेठ जमनालाल बजाज यांच्या पत्नी जानकीदेवी या १८९३ सालीं जन्मल्या, आणि आठनऊ वर्षांच्या वयांत बजाजांच्या घरांत सून म्हणून आल्या. शिक्षण बेताचें. परंतु श्रीमंत मारवाडी घरांतील सुनेनें पडदा टाकावा, अंगावरचें सोनें उतरवावें, घरांतील विलायती कापडाची होळी करावी, या गोष्टी त्या काळीं व्याख्यान देण्यापेक्षां पुष्कळ अवघड होत्या. १९२८ च्या जुलैंत बजाजांचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें झालें, तेव्हां त्याची झळ जातिबांधवांकडून जी लागली ती घरांतल्या बायकांनाही सोसावी लागली असेल, हें उघड आहे. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वारले. त्यानंतर जानकीदेवींनीं गोसेवेचें काम उचललें, भूदानाच्या काळांत विहिरींसाठीं कूपदान मागत त्या हिंडल्या, आणि १९५६ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. त्यांचें पुढारीपण सभेच्या व्यासपीठावर जन्मलें नाहीं. तें आधीं माजघरांत सिद्ध झालें, मग बाहेर आलें.

त्याच शहरांत दुसरी एक वाट लक्ष्मीबाई केळकर यांनीं काढली. १९३२ सालीं वैधव्य आलेल्या या बाईंनीं डॉ. हेडगेवारांशीं विचारविनिमय करून २५ ऑक्टोबर १९३६ रोजीं, विजयादशमीला, राष्ट्रसेविका समितीची स्थापना केली. पुरुषांच्या संघटनेंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तेव्हां तिच्याच धर्तीवर पण तिच्याहून स्वतंत्र अशी शाखा, कवायत आणि शिस्त असलेली रचना त्यांनीं उभारली, आणि तिच्या शिरोभागीं प्रमुख संचालिका हें पद ठेवलें. त्या विचारसरणीशीं कोणाचें जमो न जमो, आज्ञा देणें आणि पाळणें हें दोन्ही स्त्रियांनीं स्त्रियांमध्येंच करावें, हा त्यांतील आग्रह लक्षांत घेण्याजोगा आहे.

यानंतर तेवीस वर्षांनीं, २५ मार्च १९५९ रोजीं, पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. १९१६ सालीं याच तारखेस विनोबांनीं घर सोडलें होतें. स्त्रियांना भक्ति मोकळी ठेवली, पण ब्रह्मविद्येचा अधिकार स्वतःच्या बळावर मिळविण्याची सोय समाजानें ठेवली नाहीं. शंकराचार्यांच्या तोडीची स्त्री निपजेल तेव्हांच स्त्रियांचा खरा उद्धार होईल, असें विनोबा म्हणत. अशा स्त्रीची वाट पाहत बसण्यापेक्षां सामूहिक साधनेची जागा करून द्यावी, हा या मंदिरामागील विचार. आसामपासून कर्नाटकापर्यंतच्या निरनिराळ्या प्रांतांतून मुली आल्या. कांहीं थोडे बंधूही राहिले, परंतु संस्था भगिनींचीच.

याचें नावीन्य कळण्यासाठीं मागचें थोडें आठवावें. बुद्धानें महाप्रजापति गौतमीला संघांत घेतलें, परंतु परंपरा सांगते कीं आठ कडक नियम घालून भिक्षुणींना भिक्षूंच्या देखरेखीखालीं ठेवलें. जैन साध्वींचे समुदाय आचार्यांच्या आज्ञेंत चालत आले. आपल्याकडे महानुभावांच्या महदंबेनें तेराव्या शतकांत चक्रधरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलें, रिद्धपुरास धवळे रचले. पण पंथाची सूत्रें तिच्या हातीं आलीं नाहींत. युरोपांत ख्रिस्ती जोगिणींच्या मठाला मठाधिपतीण असे. फ्लँडर्समधील बेगीन स्त्रिया आजन्म व्रताचें बंधन न घेतां एकत्र राहिल्या, तरी त्यांनाही प्रमुख बाई लागलीच. मतें न मोजतां निर्णय घेण्याची रीत इंग्लंडांतील क्वेकर पंथानें सतराव्या शतकापासून सांभाळली आहे. मात्र त्यांची बैठक संपली कीं जो तो आपल्या घरीं जातो. पवनारच्या भगिनींना एका छपराखालीं, एका चुलीवर, जन्मभर राहावयाचें होतें.

नियम साधा होता : निर्णय सर्वसंमतीनें. एकीचाही विरोध असेल तर तो निर्णय पुढें ढकलावयाचा. ऐकण्यास हें गोड वाटतें. करून पाहिलें म्हणजे कळतें कीं यांत सर्वांत जड ओझें विरोध करणारीवर पडतें. बहुमताच्या सभेंत हरलेला सभासद कुरकुरत घरीं जाऊं शकतो. त्याचा विरोध कोणाला अडवीत नाहीं, म्हणून त्याला तो फारसा तपासावाही लागत नाहीं. येथें तुमच्या एका नकारानें काम थांबतें. मग तो नकार तत्त्वाचा कीं केवळ आवडीनिवडीचा, हें तुम्हांलाच स्वतःशीं ठरवावें लागतें. उलट बाजूस, नऊ जणींना आपला उत्साह आवरून दहावीचें म्हणणें पुनः ऐकावें लागतें. आपल्या एकत्र कुटुंबांत थोरल्या सासूबाईंच्या एका शब्दानें जें मिटे, तें येथें कोणाच्याच शब्दानें मिटत नाहीं.

शेती, स्वयंपाक, सफाई, सूत, सगळें भगिनींनींच वांटून केलें. ईशावास्याचा पाठ आणि विष्णुसहस्रनाम यांच्या जोडीला छापखानाही होता. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचीं कामें करून त्यांनीं ‘मैत्री’ हें हिंदी मासिक चालविलें. त्या काळच्या छापखान्यांत स्त्रिया कितीशा दिसत, हें आठवून पाहावें.

आतां एक आक्षेप कोणीही घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. स्त्रियांना मुख्य नको, हा नियमही शेवटीं एका पुरुषानेंच घालून दिला ना? खरें आहे. विनोबांची छाया मोठी होती, आणि अशा छायेंत ‘सर्वसंमति’ म्हणजे एकाचीच इच्छा होऊन बसण्याचा धोका असतो. परंतु येथें घटनाक्रम भगिनींच्या बाजूनें आहे. स्थापनेच्या वेळीं विनोबा पदयात्रेवर होते. १९५१ सालीं निघालेले ते पवनारला परतले १९६४ सालीं, आणि कायमचे स्थिरावले १९७० सालीं. म्हणजे पहिलीं पांच वर्षें, जेव्हां भांडणें व्हावयाचीं आणि संवयी पडावयाच्या, तीं या स्त्रियांनीं आपसांत निभावलीं. परतल्यावरही कारभारांत हात घालावयाचा नाहीं, हें पथ्य विनोबांनीं ठेवलें. नियम त्यांचा असेल; तो चालतो हें दाखविलें भगिनींनीं.

याच विचाराच्या चार भगिनी १९६७ सालीं इंदूरहून बारा वर्षांच्या पदयात्रेस निघाल्या. बरोबर पुरुषांचा पहारा नाहीं, पुढारी नाहीं. रात्री मुक्काम कोणाच्या घरीं हें गांवांत पोंचल्यावर ठरावयाचें. ज्या देशांत पुष्कळ घरच्या मुलींना तिन्हीसांजेनंतर उंबरठा ओलांडतां येत नसे, तेथें चार स्त्रिया पायीं हिंडतात हेंच गांवोगांवच्या बायकांना पुरेसें प्रवचन होतें.

या रीतीची किंमतही सांगितली पाहिजे. ती मंद आहे. ती थोड्याच माणसांत चालते. पवनारची संख्या पंचवीसतिसांच्या आसपास राहिली. आणि ब्रह्मचर्याची अट असल्यामुळें संसारी स्त्रीला ती जशीच्या तशी उचलतां येत नाहीं. मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी आणि सासऱ्यांचें औषध सांभाळणाऱ्या बाईनें पवनारपासून काय घ्यावें, याचें तयार उत्तर पवनारकडे नाहीं, आणि तसा दावाही तेथें कोणी केलेला नाहीं.

कसोटीचे प्रसंग मात्र आले. आणीबाणीच्या काळांत, १९७६ सालीं, गोवधबंदीसाठीं विनोबांनीं उपवासाचा संकल्प जाहीर केला. ती वार्ता छापणाऱ्या ‘मैत्री’च्या प्रती जूनमध्यें पोलिसांनीं आश्रमांत येऊन जप्त केल्या. भल्याभल्या वृत्तपत्रांनीं त्या दिवसांत काय छापलें नाहीं, याची यादी मोठी आहे. या लहानशा छापखान्यांत तें छापलें गेलें होतें.

१९८२ च्या नोव्हेंबरांत विनोबांनीं अन्न आणि औषध सोडलें. १५ नोव्हेंबर रोजीं, ऐन दिवाळींत, ते गेले. मठाधिपति गेला म्हणजे गादीवर कोण, हा पहिला प्रश्न असतो. येथें गादीच नव्हती, म्हणून वारसाचें नांव पुकारावें लागलें नाहीं, आणि कोर्टकचेरीही झाली नाहीं. कामांची वांटणी, प्रार्थना, शेत, स्वयंपाक पूर्वींप्रमाणेंच चालू राहिलें. १९५९ नंतरच्या वर्षांत ज्या तरुणी म्हणून आल्या त्यांतील पुष्कळजणी आतां निवर्तल्या. ज्या आहेत त्यांचीं वयें उतरलीं, आणि नव्यानें येणाऱ्या थोड्या. निर्णयाची रीत त्यांनीं बदललेली नाहीं.