आडनाव आणि दाखला

कोकणात आपल्या वाडवडिलांना धंद्याचा दाखला लागत नसे. ते शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. पेणकर, किहीमकर म्हटले की गाव कळे आणि गावच त्यांची हमी देई.

मुंबईत ती ओळख पुरेना. रशियात 1880 साली ज्यू कारागिरांसाठी निघालेली ऑर्ट ही संस्था 1960च्या दशकात मुंबईत आली आणि आपल्या मुलांना हातचा हुन्नर शिकवू लागली.

परदेशी बंदरात तर आपले गाव कोणालाच ठाऊक नसते. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला आज मॉल आहेत. शेजारीच, केपेल बंदरात, 1913 साली किंग्ज डॉक ही जहाजदुरुस्तीची सुकी गोदी उघडली. जहाजाचे पत्रे तेव्हा रिव्हेटने जोडत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वेल्डिंगने ती जागा घेतली. गोदीत काम करायचे तर वेल्डरला परीक्षा द्यावी लागते. त्याने पट्ट्या जोडून द्यायच्या, परीक्षक तो जोड वाकवून किंवा क्ष-किरणांनी तपासतो. सपाट जोडाचा दाखला डोक्यावरच्या जोडाला चालत नाही. सहा महिने काम सुटले, तर बहुतेक नियमांनुसार दाखलाच बाद होतो.

आडनाव वारशाने मिळते, हुन्नर मिळत नाही. मुलांना गावाचे नाव सांगताना आपण हेही सांगावे.