वच्चकुटी ते तोसु : शौचगृहातील समता

जपानमधील क्योतो नगरात तोफुकुजी नावाचा झेन विहार आहे. तेथे मुरोमाची काळात बांधलेले भिक्खूंचे सामुदायिक शौचगृह अद्याप उभे आहे. त्यास ‘तोसु’ म्हणतात. झेन विहारांच्या आज शिल्लक असलेल्या शौचगृहांत ते सर्वांत जुने व मोठे असून जपान सरकारने त्यास सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले आहे. शौचगृहास असा मान मिळावा याचे काहींस नवल वाटेल. परंतु त्यामागील आचाराचे मूळ भारतातच, तथागतांच्या विनयात आहे.

चुल्लवग्गात वच्चकुटीचे, म्हणजे शौचगृहाचे, नियम आले आहेत. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेण्याची किळस मानी. तेव्हा पाणी असता शुद्धी केलीच पाहिजे, असा नियम झाला. ज्येष्ठतेनुसार आत जाण्याच्या रूढीमुळे नवे भिक्खू तिष्ठत राहत व वेग आवरून मूर्च्छित पडत. तथागतांनी अनुज्ञा दिली, की आलेल्या क्रमाने जावे. आत जाण्यापूर्वी खाकरावे, केर असल्यास झाडावा, घाण असल्यास धुवावी, पाण्याचे भांडे रिते असल्यास भरावे. या कामासाठी निराळी जात नेमलेली नाही. ज्यास घाण दिसली त्यानेच ती काढावयाची.

हा आचार चीनमार्गे जपानला पोहोचला. चीनमध्ये अध्ययन करून परतलेल्या आचार्य दोगेन यांनी 1239 साली ‘शोबोगेन्झो’तील ‘सेन्जो’ प्रकरणात तो तपशीलवार सांगितला : हात राखेने व मातीने धुवावेत, भिंतीवर लिहू नये, आत बोलू-हसू नये. ध्यानगृह, स्नानगृह व शौचगृह ही झेन विहारातील तीन मौनस्थाने ठरली. विहाराबाहेरही, एदो काळात नगरांतील मैला शेतकरी मोबदला देऊन खतासाठी नेत. आजही तेथील अनेक शाळांत विद्यार्थी स्वतः शौचालये स्वच्छ करतात.

तथापि आम्ही येथे भाबडेपणा करू इच्छित नाही. मैला वाहणाऱ्या शेतकऱ्यास अस्पृश्य न मानणाऱ्या याच समाजाने कातडी कमावणाऱ्यांस ‘एता’ म्हणून दूर लोटले. बौद्ध मंदिरांनीदेखील त्यांच्या मृतांस हीनतादर्शक धर्मनामे दिली. 1871 च्या फर्मानाने हा दर्जा कायद्यातून गेला, समाजातून गेला नाही. म्हणून 1922 साली क्योतो येथे पीडितांनीच ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारली.

यावरून आम्हांस असे दिसते, की मैल्यास जात नसते, ती समाज चिकटवितो. आणि विनय केवळ पोथीत राहिला तर बौद्ध म्हणविणारा समाजही हा अन्याय करू शकतो. आपल्या देशात हाताने मैला उचलण्याविरुद्ध 1993 व 2013 साली कायदे झाले. तरीही गटारात उतरून प्राण गमावणारे कोण, हे वाचकांस सांगावयास नको. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सफाईकाम करणाऱ्या सुणीताच्या प्रव्रज्येस स्थान दिले, ते याच जाणिवेने, असे आम्हांस वाटते. उपासक-उपासिकांनी आपापल्या विहाराचे शौचगृह पाळीपाळीने स्वतः स्वच्छ करावे. चुल्लवग्गाचे तेही एक पठणच होय.