माथेरान : सहलीतलं आणि टाळेबंदीनंतरचं

नववीची सहल आठवते का? डिसेंबर १९९३. नेरळहून झुकझुक गाडी, शार्लोट तलावाकाठी सोडलेले डबे, आणि परतताना प्रत्येकाच्या पिशवीत चिक्की. इतिहासाच्या बाईंनी तिथंच झाडाखाली वह्या काढायला लावल्या होत्या. ‘माथेरानचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाचं उत्तर मला अजून पाठ आहे : ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट, मे १८५०. चाचणीत त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

सत्तावीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मी पुन्हा माथेरानला गेले आणि ते उत्तर अपुरं वाटू लागलं.

तो काळ आपण सगळ्यांनीच काढला आहे. मार्चमध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला. तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला. मग टाळेबंदी. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास रद्द झाला. ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली. २१ ऑक्टोबरपासून महिलांना लोकलनं जायला परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. त्यामुळे आम्ही दोघी वर्गमैत्रिणीच निघालो. मुलांनो, रुसू नका. तुम्हाला तेव्हा तिकीटच मिळत नव्हतं!

कल्याणहून अकरानंतरची कर्जत लोकल, नेरळहून टॅक्सी, आणि दस्तुरी नाका. इथून पुढे मोटार जात नाही. नेरळ-माथेरान गाडी २०१९ च्या पावसात मार्ग खचल्यापासून बंदच होती. फक्त अमन लॉजपासूनची शटल ४ नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाली होती. बाकी चालत, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात.

नाक्यावर पर्यटकांपेक्षा घोडे जास्त होते. एक घोडेवाला पुढे आला. त्यानं भाव सांगितला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “कमी करा की.” तो म्हणाला, “ताई, तुम्हीच सांगा किती. आज बोहनी नाही झाली.” मला काही सुचेना. “आम्ही चालतच जाऊ,” असं म्हणून आम्ही निघालो. तो मात्र घोडा धरून थोडं अंतर बरोबर चालला. त्याचे दोन घोडे होते. एक जूनमध्ये विकला. “माणूस अर्धपोटी झोपतो हो. घोड्याला कसं सांगायचं टाळेबंदी आहे म्हणून?”

माझं ऑफिस मार्चमध्ये एका आठवड्यात घरी आलं होतं. लॅपटॉप तोच, पगार तोच, एकदाही चुकला नाही. डोंगरावरचं काम मात्र घरून होत नाही. पुढे एक हातरिक्षा दिसली : एक जण ओढणारा, दोघं मागून ढकलणारे. त्या तिघांनी एकमेकांत अंतर ठेवायचं कसं? चढावर मास्क हनुवटीवर आला होता, कारण तोंड झाकून एवढा दम पुरत नाही.

बाजारपेठेत निम्मी शटर्स खाली होती. चिक्कीवाल्या काकांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितलं, “ताजी आहे, कालच केलीय.” सात महिने पडून राहिलेला माल असेल अशी शंका येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. आम्ही दोघींनी गरजेपेक्षा जास्तच घेतली.

घरी आल्यावर मी माथेरानचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. मॅलेटसाहेब चौक गावाहून वर चढले, ते गावच्या पाटलाला सोबत घेऊन. धनगर, ठाकूर, कातकरी तर या डोंगरावर आधीपासून होते. म्हणजे ‘शोध’ साहेबांपुरताच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथं वस्ती वाढवली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली सुमारे २१ किलोमीटरची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तोवर नेरळहून माणसं वर यायची ती घोड्यावर, नाहीतर पालखीत. ज्यांच्या खांद्यावर पालखी होती, त्यांचं नाव एकाही पॉइंटला नाही.

या कष्टकऱ्यांच्या माथेरानातून आलेलं एक नाव मात्र आपल्याला माहीत आहे : हुतात्मा भाई कोतवाल. १९१२ मध्ये इथल्याच एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, नगरपालिकेत गेले. महायुद्धाच्या टंचाईत शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठारं उभारली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. टाळेबंदीतल्या अर्धपोटी घोडेवाल्याचं बोलणं ऐकल्यावर मला त्या कोठारांचं मोल कळलं.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले. तेव्हा त्या घोडेवाल्याची आठवण झाली, पण मी त्याचा नंबरही घेतला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा धावू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढू नये, हे योग्यच. पण ओढणाऱ्याच्या हाती ई-रिक्षा आली, तरच त्याचं घर चालेल.

बाई, तुम्ही शिकवलेलं उत्तर चुकीचं नव्हतं. फक्त त्याखाली मला आणखी एक ओळ लिहायची आहे : माथेरान ज्यांनी पाठीवर आणि खांद्यावर वर आणलं, ते याच डोंगरातले आणि पायथ्याच्या गावांतले लोक.

मेळाव्यानंतर सहल माथेरानलाच न्यायचं ठरतंय, असं कानावर आलं आहे. मी येणार. या वेळी घोडा करणार, आणि सांगेल तो भाव देणार.